मनाची रोजकीर्द

मार्चअखेर जवळ आली की कचेऱ्यांतील दिवे उशिरापर्यंत जळू लागतात. संगणक आले, तरी एका रुपयाचा मेळ बसेपर्यंत कारकुनाला उठवत नाही. तोच कारकून साहेबांचा एक कठोर शब्द मनात घेऊन घरी येतो आणि त्याची वसुली मुलांवर ओरडून करतो. हा व्यवहार मात्र कोणत्याही वहीत नोंदला जात नाही. पैशाच्या हिशेबात इतका काटेकोर असलेला सुशिक्षित वर्ग मनाच्या हिशेबात इतका गाफील का असावा?

आत्मपरीक्षण हा साधुसंतांचा किंवा निवृत्तांचा विषय आहे, अशी समजूत रूढ आहे. वस्तुतः अर्थशास्त्राचा जनक मानला जाणारा अ‍ॅडम स्मिथ याने ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ प्रसिद्ध होण्यापूर्वी सतरा वर्षे, १७५९ मध्येच, नीतिभावनांवरील ग्रंथात या प्रश्नाचा ऊहापोह केला होता. माणसाने आपले वर्तन निःपक्षपाती प्रेक्षकाच्या दृष्टीने पाहावे, असे त्याचे प्रतिपादन होते. असा प्रेक्षक चूक झाकत नाही आणि फुगवूनही सांगत नाही.

येथेच बहुतेकांची गल्लत होते. रात्री अंथरुणावर ‘मी असाच कसा’ हा प्रश्न घोळवत राहणे हे आत्मपरीक्षण नव्हे, आत्मताडन होय. खिन्न अवस्थेत दुःख उगाळत बसणाऱ्यांची खिन्नता अधिक काळ टिकते, असे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सुसान नोलेन-होक्सेमा यांच्या संशोधनात आढळले. याउलट, जेम्स पेनेबेकर व सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी लागोपाठ चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, क्लेशदायक घटना आणि त्यांविषयीच्या भावना लिहून काढल्या. लिहिताना त्यांना त्रास झाला. पण पुढील सहा महिन्यांत त्यांच्या आरोग्यकेंद्रातील खेपा इतरांपेक्षा कमी भरल्या. नंतरच्या प्रयोगांत हा लाभ माफकच आढळला, हे खरे. तरी उगाळणे आणि नोंदणे यांतील अंतर लक्षात घेण्याजोगे आहे.

यावर एक आक्षेप संभवतो. विनाअनुदानित शाळेतील ज्या शिक्षकाला वेळेवर पगार नाही, त्याने वही लिहून काय साधणार? आक्षेप रास्त आहे. अंतर्मुख होऊन अन्याय मिटत नाही. तथापि नेकीने लिहिलेली वही दोन खाती वेगळी करते : एक स्वतःच्या चुकीचे, दुसरे परिस्थितीचे. दुसऱ्याचे देणे स्वतःच्या नावे मांडून कुढणारा शिक्षक दाद मागण्याचे बळही गमावून बसतो. आणि सारेच परिस्थितीच्या खात्यावर टाकणारा सुधारण्याची संधी दवडतो.

यासाठी फार सायास नकोत. निजण्यापूर्वी दहा मिनिटे आणि तीन नोंदी पुरेत : आज काय घडले, मनात काय उमटले, उद्या काय करावयाचे. नोंद झाली की वही मिटावी. मात्र झोप आणि भूक आठवडेच्या आठवडे हरवली असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर वहीवर विसंबू नये. डॉक्टरांकडे जावे, २०२२ पासून ‘टेलिमानस’ची १४४१६ ही विनामूल्य दूरध्वनी सेवाही उपलब्ध आहे. मदत मागणे हाही नेकीच्या हिशेबाचाच भाग आहे.

दिवसाची शिल्लक काढल्यावाचून शहाणा दुकानदार दुकानाला कुलूप लावत नाही. मनाच्या बाबतीतही हीच शिस्त पाळली, तर कालची थकबाकी उद्याच्या दिवसावर चढणार नाही, आणि ती घरच्यांकडून वसूल करण्याची वेळही येणार नाही.