आधी चाके, मग करवत

वाडीच्या फलाटावर तासभर थांबले की कोळशाच्या उघड्या बॉक्सएन आणि सिमेंटच्या बंद बीसीएन वाघिणी डोळे भरून पाहता येतात. १८७४ साली निजामाचा सिकंदराबादचा मार्ग इथेच जीआयपी रेल्वेला जोडला गेला. ऑक्टोबर २०१७ पासून बिदर–कलबुर्गी मार्गही सुरू आहे. बिदर आणि कलबुर्गी या आपल्या दोन्ही जिल्ह्यांतल्या मॉडेलकारांना नमुना शोधायला लांब जावे लागत नाही. म्हणूनच जुन्या अमेरिकी खेळण्यातल्या डब्याला तपकिरी रंग फासून, बाजूला दक्षिण मध्य रेल्वेचे ‘द. म.’ लिहून, त्यालाच बॉक्सएन म्हटलेले पाहिले की वाईट वाटते.

तोच डबा कापून बॉक्सएनच्या मापाचा करणे अवघड नाही. एचओच्या १:८७ प्रमाणात चाळीस फुटी अमेरिकी मालडबा १४० मिलिमीटर भरतो. बॉक्सएन कपलिंग सोडून ९,७८४ मिलिमीटर, म्हणजे मॉडेलमध्ये सुमारे ११२.५. छप्पर उतरवा, मधला साडेसत्तावीस मिलिमीटरचा तुकडा काढा, उरलेले भाग जोडा, वरची कड रुळापासून ३७ मिलिमीटरवर आणा, बाजूंना प्लास्टिकच्या उभ्या पट्ट्या चिकटवा. दोन संध्याकाळींचे काम.

चूक राहते ती खाली. बॉक्सएनखालच्या आपल्या कासनब बोगीची, म्हणजे चार चाकांच्या सांगाड्याची, ठेवण अमेरिकी ओतीव बोगीसारखीच, त्यामुळे मूळ बोगी चालून जाईल असे वाटते. मलाही वाटले होते. माझी पहिली वाघीण रुळावर ठेवली तेव्हा ती बसकी दिसली, आणि कारण सापडायला आठवडा गेला. कासनबच्या दोन आसांत २,००० मिलिमीटर अंतर असते, मॉडेलमध्ये २३. जुन्या बोगीत ते जेमतेम २०. आपले चाक १,००० मिलिमीटरचे, मॉडेलमध्ये साडेअकरा. खेळण्यातले साडेनऊच्या आसपास. दोन्ही बोगींच्या मध्यांत ७५ मिलिमीटर हवेत. मालगाडी लांबून ओळखू येते ती या अंतरांवरून, रंगावरून नव्हे. तेव्हा आधी चाके मिळवा, मग करवत हातात घ्या.

एचओचा १६.५ मिलिमीटरचा रूळ आपल्या ब्रॉडगेजला अरुंदच पडतो, १९.३ हवा, पण त्यासाठी मांडलेला लेआउट उखडा असे मी म्हणणार नाही.

वाघीण मळकी दाखवायला धूळ मात्र इथलीच वापरा. बिदरची तांबडी माती आणि शहाबादी फरशी कापताना पडणारी राखाडी भुकटी बारीक चाळून घेतली की विकतच्या पावडरीची गरज उरत नाही.

आणि ज्या डब्याचे खोके, मूळ रंग, चाके शाबूत आहेत, त्याला करवत लावू नका. कापायला तडकलेले, छप्पर हरवलेले डबे पुष्कळ आहेत.