बटण निष्पाप नसते

"लोकच तसे आहेत, त्याला ॲप काय करणार?" समाजमाध्यमांवरच्या द्वेषाचा विषय निघाला की हे वाक्य हमखास ऐकू येते. मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि मला हे वाक्य मान्य नाही. कोणते बटण कुठे ठेवायचे, ते किती सहज दाबले जावे, हे कोणीतरी बैठकीत बसून ठरवलेले असते.

फेसबुकने २०१६ मध्ये 'लाइक'च्या जोडीला रागाचा चेहरा दिला. २०१७ पासून त्यांच्या अल्गोरिदममध्ये अशा एका प्रतिक्रियेचे वजन पाच लाइकइतके होते. म्हणजे चिडवणारी पोस्ट जास्त लोकांपुढे. कंपनीच्याच अभ्यासकांनी धोका दाखवला, तरी रागाचे वजन शून्यावर यायला २०२० उजाडले.

आपल्याकडे याची किंमत माणसांनी मोजली. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार मारले. त्या दिवसांत तशा अफवा व्हॉट्सॲपवरून फिरत होत्या. मारणाऱ्यांचा गुन्हा यामुळे तसूभरही कमी होत नाही. पण त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा जाहीर केली. एप्रिल २०२० मध्ये वारंवार फिरलेल्या मेसेजसाठी ती एकावर आणली आणि असे फॉरवर्ड ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीनेच सांगितले. त्यासाठी कोणाचा मेसेज वाचावा लागला नाही, कोणाचे तोंड बंद करावे लागले नाही. मग हे पाच माणसे जाण्याआधी का नाही झाले?

उत्तर मिळते, "अडथळे आणले तर सहभाग घटतो." सहभाग म्हणजे नेमके काय? न वाचता पुढे ढकलणे हा सहभाग नव्हे. ट्विटरने २०२० मध्ये लेख न उघडता तो शेअर करणाऱ्याला "आधी वाचणार का?" एवढेच विचारून पाहिले. लेख उघडण्याचे प्रमाण ४० टक्क्यांनी वाढले. लोकांना विचारले तर लोक थांबतात.

म्हणून मागणी सरळ आहे. कोणत्या प्रतिक्रियेला किती वजन, हे कंपन्यांनी जाहीर करावे. नवे बटण देण्याआधी त्याचा त्रास कोणाला होईल, हे तपासावे. भटक्या, दलित, मुस्लिम वस्त्यांतल्या लोकांना आधी विचारावे. अफवेचा पहिला दगड तिथेच पडतो.

आणि मोहल्ल्याच्या, संघटनेच्या ग्रुपवर दुहेरी बाणाचा मेसेज आला, तर पाठवणाऱ्याला एवढेच विचारा: भाई, तुम्ही हे तपासलेत का?