सध्या काय करतोस?

डोंबिवली, कल्याण, बदलापूरकडच्या, पदवी घेऊन घरी बसलेल्या पोरापोरींनो, हा प्रश्न तुम्हाला लग्नात विचारतात, जिन्यात विचारतात, वाण्याकडेही विचारतात. म्हणून तुम्ही जिना उतरणंच सोडलंय. पहाटे तीनपर्यंत मोबाइल, दुपारी जेवायला उठायचं. वडील सकाळी लोकलला लटकून गेलेले असतात. त्यांच्यासारखं जगायचं नाही, एवढंच तुमचं पक्कं आहे. मग कसं जगायचं? तिथे गाडी अडते.

'आवड सापडली की सुरू करतो' असं म्हणत मीही फडके रोडला वर्षभर कटिंग पीत काढलंय. आवड काही चहाच्या टपरीवर भेटायला येत नाही.

आधी एक ठरलेली वेळ शोधा. अशी, की तुम्ही गेला नाहीत तर कुणीतरी विचारेल, 'काल का नाही आलास?' मग ते दहावीच्या दोन मुलांना गणित शिकवणं असो, नाहीतर ओळखीच्या गॅरेजमधली उमेदवारी. बीकॉमनंतर आयटीआय करायची लाज वाटते? अंबरनाथला सरकारी आयटीआय आहे, आणि तुमच्या घरचा एसी बिघडला की दुरुस्त करणारा चार दिवस फिरकत नाही, हे तुम्हीच मला सांगता. १९६१च्या अप्रेंटिस कायद्याखाली उमेदवारी केली, तर शिकताना विद्यावेतनही मिळतं. थोडं असतं, पण स्वतःचं असतं.

स्पर्धा परीक्षावाल्यांना जरा कडू सांगतो. राज्यसेवेला खुल्या गटातून ३८ वर्षांपर्यंत बसता येतं. म्हणून ३८ पर्यंत बसायलाच हवं असं नाही. किती प्रयत्न करणार, तो आकडा आजच कागदावर लिहून आईच्या हातात द्या. आणि अभ्यास घरच्या पलंगावर नको. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून उभं आहे; अशा एखाद्या ठिकाणी निदान अंघोळ करून जावं लागतं.

मुंबईत खोली घेतली की सगळं सुटेल, हाही भ्रमच. पलंग बदलेल, इतकंच.

आईबाबांनो, 'समोरच्यांचा मुलगा पुण्याला लागला' हे सहा महिने तोंडातून काढू नका. त्यापेक्षा पोराला लोकलचा तीन महिन्यांचा पास काढून द्या. पहिल्या महिन्यात कुठे जातो, ते विचारू नका.