गुणांविषयी विचारणे हा गुरुद्रोह नव्हे

मे-जून महिना आला की, सांता क्लारा व आसपासच्या गावांत राहणाऱ्या आपल्या समाजबांधवांच्या घरी मुलांच्या कॉलेजातील ग्रेडचा विषय निघाल्यावाचून राहत नाही. गेल्या वर्षी अशाच एका घरी आम्ही शब्बाथच्या जेवणास गेलो असता त्या घरची कन्या अगदी गप्प दिसली. चौकशी करता कळले की, रसायनशास्त्रात तिला ‘बी’ची खात्री होती आणि हाती ‘सी’ आला होता. पुढे चार वर्षांच्या विद्यापीठात प्रवेश घ्यावयाचा, तेथे ही एक ग्रेड आड येण्याची भीती. वडील म्हणाले, “मी स्वतः फोन करून प्रोफेसरांना जाब विचारतो.” आई म्हणाली, “नको हो, शिक्षकांशी वाद कशाला? नशिबात होते ते मिळाले.” आमच्या नम्र मते दोघांचेही चुकत होते.

आईचे बोल आम्हांस अनोळखी नव्हते. ज्या महाराष्ट्रात आपण वाढलो तेथे गुणपत्रिका म्हणजे जणू शिलालेख. दहावी-बारावीच्या निकालानंतर फार तर गुणपडताळणीचा अर्ज करावयाचा. म्हणजे सर्व उत्तरे तपासली गेली काय आणि बेरीज बरोबर आहे काय, एवढेच मंडळ पाहणार. स्वतःची उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क विद्यार्थ्यास नव्हता. मुंबई उच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या बाजूने कौल दिला होता, परंतु १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला. ही स्थिती पालटण्यास २०११ साल उजाडावे लागले. माहितीच्या अधिकारान्वये परीक्षार्थीस आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहता आली पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षी दिला. मात्र पुनर्मूल्यांकनाचा हक्क त्यातून मिळाला नाही. उत्तरपत्रिका विद्यार्थ्यासमोर उघडली गेली. लेखणी परीक्षकाच्याच हाती राहिली.

आता ज्या कॅलिफोर्नियात आपण स्थायिक झालो आहोत तेथील कायदाही याच वाटेने जातो. शिक्षणसंहितेच्या ७६२२४ व्या कलमाप्रमाणे कम्युनिटी कॉलेजात प्राध्यापकाने दिलेली ग्रेड अंतिम असते. अपवाद चारच – चूक, लबाडी, दुष्ट हेतू अथवा अपात्रता. आपल्या गावचे मिशन कॉलेज या कलमाखाली येते. सांता क्लारा विद्यापीठासारख्या खाजगी संस्थांस ते लागू नाही. तेथे त्या त्या संस्थेचे नियम पाहावे लागतात. १९७४ च्या संघराज्याच्या कायद्याने विद्यार्थ्यास आपल्या शैक्षणिक नोंदी पाहण्याचा व चुकीची नोंद दुरुस्त करवून घेण्याचा हक्क दिला आहे; परंतु ‘माझे उत्तर अधिक गुणांचे होते’ असा वाद त्यात बसत नाही.

आम्ही स्वतः अनेक वर्षे वह्या तपासल्या आहेत, म्हणून आमच्या व्यवसायाविषयी एक कबुली देतो. अध्यापनाच्या प्रशिक्षणात स्टार्च व इलियट यांचा १९१२ सालचा प्रयोग आमच्या वाचनात आला. इंग्रजीची एकच उत्तरपत्रिका अनेक शाळांतील शिक्षकांकडे पाठविली असता कोणी १०० पैकी ६४ गुण दिले, तर कोणी ९८. शिक्षक माणूसच आहे. रात्री उशिरा तपासलेल्या शेवटच्या वहीस पहिल्या वहीचा न्याय मिळतोच असे नाही. मग त्याला अदबीने कारण विचारले तर त्यात अपमान कोणता?

वडिलांची चूक निराळी. मूल अठरा वर्षांचे झाले वा कॉलेजात गेले की, त्याच १९७४ च्या कायद्याने पालकांचे हक्क मुलाकडे जातात. मुलाच्या संमतीवाचून प्राध्यापक बहुधा आपल्याशी बोलणारही नाहीत, आणि आपल्या फोनाने मुलाची बाजू मात्र लंगडी पडेल. विचारावयाचे ते मुलानेच.

तेव्हा त्या कन्येस आम्ही इतकेच सुचविले: प्रथम अभ्यासक्रमाच्या आरंभी दिलेल्या पत्रकात परीक्षा, गृहपाठ व प्रयोग यांस किती टक्के आहेत ते पाहून स्वतः बेरीज कर. सर्व तपासलेले कागद जवळ ठेव. प्राध्यापकांच्या भेटीच्या वेळी जा आणि “ग्रेड वाढवून द्या” असे न म्हणता “ही ग्रेड कशी ठरली, ते समजावून सांगाल काय?” असे विचार. समाधान न झाल्यास लेखी अर्ज घेऊन विभागप्रमुखांकडे आणि त्यानंतर डीनकडे जाता येते. परंतु मुदत उलटू देऊ नकोस.

ती गेली. एका प्रश्नाबाबत तिचे म्हणणे प्राध्यापकांनी कारणे देऊन नाकारले, आणि आपले उत्तर अपुरे होते हे तिलाही पटले. मात्र बेरजेत एका प्रयोगाचे गुण धरलेच गेले नव्हते. प्राध्यापकांनी दिलगिरी व्यक्त करून ग्रेड सुधारली. ती गप्प बसती तर तिचा ‘बी’ तर गेलाच असता, शिवाय आपले उत्तर कोठे अपुरे पडले हेही तिला कळले नसते.

आपल्या मुलांस नमस्कार करावयास आपण शिकविले, ते उत्तमच केले. आता नमस्कार करून प्रश्न विचारावयासही शिकवावे, आणि त्या वेळी आपण दाराबाहेर थांबावे, एवढीच वाचकांस विनंती.