तीन पिपे, एक घोडा आणि स्वार

घोडा म्हटला की आपल्या खेड्यातील माणसाला वरातीतला नवरदेव आठवतो, फार तर जुन्या बाजाररस्त्यावरचा टांगा. अमेरिकेतील टेक्सास, ओक्लाहोमा इत्यादी राज्यांत मात्र शेतकऱ्यांच्या कित्येक मुली लहानपणापासूनच खोगिरावर बसतात, आणि त्यांचा आवडता खेळ म्हणजे पिपांची शर्यत. १९४८ साली टेक्सासमधील सॅन अँजेलो येथे ३८ स्त्रियांनी एकत्र येऊन स्वतःची रोडिओ संघटना स्थापन केली, तेव्हापासून या खेळास शिस्त व प्रतिष्ठा लाभली.

खेळ दिसायला अगदी सोपा आहे. मैदानात तीन रिकामी लोखंडी पिपे त्रिकोणात उभी असतात. पहिल्या दोहोंमध्ये ९० फुटांचे अंतर, आणि तिसरे त्या प्रत्येकापासून १०५ फुटांवर. स्वार भरधाव येतो, बहुधा पहिल्या पिपास उजवीकडून व पुढील दोहोंस डावीकडून वळसा घालतो, आणि सरळ परत सुटतो. एवढे सारे सुमारे १७ सेकंदांत आटोपते. पीप पडले तर ५ सेकंदांचा दंड; आणि जय-पराजय तर सेकंदाच्या शंभराव्या भागावर ठरतो!

हा खेळ शिकविण्यासाठी तिकडे दोन-तीन दिवसांची शिबिरे भरतात. त्यांस 'क्लिनिक' म्हणतात. दवाखान्याशी त्यांचा संबंध नाही. तथापि स्वार व घोडा या दोघांचीही दुखणी तेथे उघडी पडतात, हे नाव अगदीच अयोग्य नव्हे.

शिबिराची तयारी आदल्या रात्री होत नाही. घोड्याचा दम काही आठवडे आधीपासून वाढवावा लागतो. रोज लांब कदम चाल, मग दुडकी, मग थोडी दौड, असा क्रम असतो. तबेल्यात उभ्या असलेल्या घोड्याला एकदम दोन दिवस वळणे घ्यायला लावणे म्हणजे त्याच्या पायांच्या शिरांशी वैर करणे होय. नालबंदाला सात-आठ दिवस आधी बोलवावे. नवा नाल ठोकून दुसऱ्याच दिवशी घोडा नेला आणि एखादा खिळा बोचत असला, तर सारे शिबिर लंगडण्यात जाते. दातांची तपासणीही आधीच व्हावी, कारण धारदार दाढ गालाला लागत असता कडियाळ्याचा इशारा कोणता घोडा शांतपणे ऐकेल?

कागदपत्रांचेही महत्त्व आहे. घोड्यांच्या संसर्गजन्य पांडुरोगासाठी रक्ताची 'कॉगिन्स' चाचणी करून तिचा दाखला बहुतेक ठिकाणी दाखवावा लागतो. हा रोग चावणाऱ्या मोठ्या माश्यांमुळे पसरतो व त्यावर उपाय नाही; म्हणून ही सक्ती जाचक वाटली तरी शहाणपणाची आहे. दुसऱ्या राज्यात जायचे असल्यास पशुवैद्याचे आरोग्यपत्रही हवे.

चारा घरचाच न्यावा. घोड्याला ओकारी येत नाही. खाणे एकदम बदलले की पोटशूळ उठतो, आणि तो जिवावर बेततो. परक्या गावचे पाणीही पुष्कळ घोडे तोंडास लावीत नाहीत, यास्तव जाणती माणसे घरच्या पाण्याची पिंपे गाडीत घालतात. खोगीर, तंग, लगाम हे सारे नेहमीचेच असावे. नवे खोगीर मिरविण्याची ही जागा नव्हे.

आता स्वाराकडे वळू, कारण खरी अडचण पुष्कळदा तिथेच असते. पिपाजवळ येताच मुलगी पिपाकडे पाहते, खांदा आत झुकविते आणि लगाम ओढते. घोडाही खांदा आत टाकतो, आणि पीप कोसळते. दोष मात्र घोड्याला! पाहावे ते पिपाकडे नव्हे, ज्या वाटेने जायचे त्या वाटेकडे. आणि वळणापूर्वी खोगिरात खोल बसून घोड्यास वेग आवरण्याची खूण द्यावी. हे अंगवळणी पडण्यासाठी शिबिरात बराच वेळ कदमाने व दुडकीनेच फिरवितात. धावण्याच्या हौसेने आलेल्यांना ते कंटाळवाणे वाटते. पण चालताना जे वळण चुकते ते धावताना सुधारत नाही.

एक गोष्ट विशेष गंभीर आहे. काही घोडे मैदानाच्या फाटकाशीच अडतात, मागे सरतात, दोन पायांवर उभे राहतात. आईबापांनी पैसे भरलेले, लोक पाहत असलेले, अशा वेळी हात चाबकाकडे जातो. थांबावे. पायाच्या सांध्यातील दुखणे, पोटातील व्रण, पाठीला टोचणारे खोगीर, यांपैकी काही आहे काय, हे पशुवैद्याकडून पाहून घ्यावे. आणि शिबिराला पोहोचताच शिक्षकाला खरे ते सांगावे. मुलगी खोडी लपविते, कारण तिला लाज वाटते. पण लपविलेल्या खोडीवर शिक्षक तरी काय शिकविणार? शिवाय उभा राहिलेला घोडा मागे कोसळला तर स्वार खाली सापडतो. शिरस्त्राणाला तिकडे अजूनही काहीजण नाके मुरडतात. आमच्या मते मुलांच्या बाबतीत त्यावर चर्चाच नको.

घोडा व स्वार यांचे सूत जमले म्हणजे काय होते, ते १९८५ साली लास वेगासच्या राष्ट्रीय अंतिम स्पर्धेत दिसले. शार्मेन जेम्स ही अवघ्या पंधरा वर्षांची मुलगी 'स्कॅम्पर' नावाच्या घोड्यावर होती. एका फेरीत लगाम तुटला. तरी घोड्याने तिन्ही पिपे बिनचूक घेतली आणि ती फेरी जिंकली. १९८४ ते १९९३ अशी सलग दहा वर्षे जगज्जेतेपद या जोडीकडे होते. पुढे ती स्वतःच शिबिरे घेऊ लागली.

दिवस संपल्यावर घोडा घामाघूम असता बांधू नये. त्याला हळूहळू फिरवून श्वास शांत होऊ द्यावा, पायांवर गार पाणी सोडावे, खरारा करावा, मग चारा. स्वाराने आपली वही काढून त्या दिवशी काय चुकले ते ताजे असतानाच लिहावे. घरी परतल्यावर दुसरा दिवस घोड्याला कुरणात मोकळा सोडावा. पिपे तोवर कुंपणाशी आडवी पडली तरी चालतील.