दोर ओढण्यापूर्वीं

शाळांच्या वार्षिकांत सहलींचीं वर्णनें नेहमींच येतात. परंतु न झालेल्या सहलीविषयीं सहसा कोणी लिहीत नाहीं. मी शाळा सोडून बरींच वर्षें झालीं. सांप्रत नोकरीनिमित्त ओमान देशांत मस्कत येथें माझें वास्तव्य आहे. तेथील एका घळीस मी मित्रांसह दोनदां गेलों. एक खेप सफल झाली, दुसरी निष्फळ. त्यांतील निष्फळ खेपेनेंच मला अधिक शिकविलें, असें माझें मत आहे. आणि तें विद्यार्थिबंधुभगिनींपुढें मांडावें, एवढाच या लेखाचा हेतु.

मस्कतच्या पश्चिमेस हजर पर्वताच्या उघड्याबोडक्या रांगा आहेत. त्यांतील जबल शम्स हें शिखर सुमारें ३००० मीटर उंच आहे. आपला सह्याद्रि लाव्हारसापासून झालेल्या काळ्या कातळाचा. हा भाग मुख्यतः चुनखडकाचा. कोट्यवधि वर्षांपूर्वीं येथें समुद्र होता. त्याच्या तळाशीं सांचलेले थर दाबले जाऊन खडक झाले व पुढें भूगर्भांतील हालचालींनीं वर उचलले गेले. पावसाचें पाणी कर्बाम्ल वायु शोषून किंचित् आम्लधर्मी बनतें आणि चुनखडकास हळूहळू विरघळवितें. वाळू-गोटे घेऊन धांवणारा पूर त्याच खडकास घांसून गुळगुळीत करतो. या दुहेरी कामगिरीनें वादी बनी औफ नांवाच्या खोऱ्यांत एक नागमोडी घळ कोरली गेली आहे. ‘वादी’ म्हणजे एरव्हीं बहुधा कोरडें असणारें नदीचें पात्र.

अशा घळींतून वरून खालीं उतरत जाण्याच्या खेळास कॅन्यनिअरिंग म्हणतात. डोंगर चढणारा मनुष्य थकला तर आल्या वाटेनें परततो. येथें तसें नाहीं. दोर दुहेरी करून खडकांत ठोकलेल्या कडींतून ओंवतात. सर्वजण उतरले कीं एक टोंक ओढून तो खालीं घेतात, कारण पुढील उतारास तोच लागतो. दोर हातीं आला कीं वरचा मार्ग बंद झाला. डोहांत घेतलेली उडीही तशीच. गुळगुळीत भिंतीवरून पुन्हा वर चढतां येत नाहीं. म्हणून परतण्याचा विचार करावयाचा असेल तर तो दोर ओढण्यापूर्वींच केला पाहिजे.

हिवाळ्यांतील एका सुटीच्या दिवशीं आम्ही पांच मित्र पहांटेस निघून घळीच्या तोंडाशीं पोहोंचलों. बरोबर त्याच खोऱ्यांतील एक वाटाड्या होता. डोक्यावर आकाश स्वच्छ निळें होतें. शिरस्त्राणें चढवून आम्ही सिद्ध झालों, तोंच वाटाड्यानें दूर शिखरावरील ढगांकडे पाहिलें, वरच्या गांवीं दूरध्वनि केला आणि म्हणाला, “आज जावयाचें नाहीं.” आम्हीं पुष्कळ वाद घातला. त्यांत माझाच आवाज मोठा होता. त्यानें उत्तर दिलें नाहीं. केवळ भिंतींतील एका भेगेकडे बोट दाखविलें. माणसाच्या दुप्पट उंचीवर खजुरीचीं सुकलेलीं झांवळीं व काटक्या अडकल्या होत्या. जुन्या पुराची ती खूण होती.

आम्ही परतलों. त्या दिवशीं पाऊस पडला नाहीं. पूरही आला नाहीं. गाडींत आम्हीं त्या वाटाड्याची यथेच्छ थट्टा केली. ‘भित्रा’ हा शब्द प्रथम मींच उच्चारला.

तीन आठवड्यांनीं आम्ही त्याच्याच बरोबर पुन्हा गेलों व घळ उतरलों. हिरव्या थंडगार डोहांत उड्या घेतल्या, पोहलों, ओल्या खडकांवरून घसरलों. आनंद अवर्णनीय होता. परंतु एके ठिकाणीं घळ इतकी अरुंद झाली कीं हात पसरले तर दोन्ही भिंतींस लागत. तेथें मीं वर पाहिलें. आकाशाची एक चिंचोळी पट्टी तेवढी दिसत होती. शिखर कोठेंच दिसत नव्हतें. पाऊस तेथें पडला असता तर आम्हांस काय कळणार होतें? या डोंगरांवर माती थोडी आणि झाडोरा विरळ. पडलेलें पाणी न मुरतां धांवत सुटतें, आणि अशा अरुंद जागीं पातळी पाहतां पाहतां चढते. तेव्हां मला ‘भित्रा’ हा शब्द आठवला व लाज वाटली.

आपण निर्णयाची परीक्षा परिणामावरून करतों. पूर आला असता तर तोच वाटाड्या आमचा प्राणदाता ठरला असता. न आल्यामुळें भित्रा ठरला. वस्तुतः निर्णय एकच होता, आणि त्या घटकेस जें ज्ञात होतें त्यावरून तो योग्यच होता. कोणी म्हणेल, अशानें साहसच संपेल. परंतु आम्हांस घळ दाखविली ती त्याच मनुष्यानें.

२६ एप्रिल २०१८ रोजीं इस्रायलमध्यें मृत समुद्राजवळील त्साफित नांवाच्या घळींत सहलीस गेलेल्या दहा तरुण विद्यार्थ्यांचा अकस्मात् आलेल्या पुरांत अंत झाला. हवामानाचे इशारे आधींच दिले गेले होते. सहलीस निघालेल्या एका मुलीनें निरोप धाडून आपली भीति कळविली होती, असें पुढें वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झालें. तिची भीति हीच त्या दिवशींची सर्वांत शहाणी गोष्ट होती.

आपल्या शाळांच्या सहलीही घाटांत, धबधब्यांवर, नदीकांठीं जातात. शिक्षकांस व विद्यार्थ्यांस माझी विनंति आहे कीं, निघण्यापूर्वीं ज्यास भीति वाटते त्यास प्रथम बोलूं द्यावें, व त्याचें कारण शांतपणें ऐकावें. आणि सहल अर्ध्यावरून परत आली व पुढें कांहींच घडलें नाहीं, तरी परत आणणाऱ्याची थट्टा करूं नये. त्या थट्टेच्या भीतीनेंच पुढच्या खेपेस कोणी दोर ओढील.

घळीबाहेर आल्यावर मीं वाटाड्याची क्षमा मागितली. तो हंसला व ओला दोर गुंडाळूं लागला. मीं दुसरें टोंक धरलें.