‘बोर्ड कोणताही चालेल’ म्हणणाऱ्यांना

नवा डेस्कटॉप असेंबल करू पाहणाऱ्याला हल्ली एक तयार सल्ला मिळतो. मदरबोर्ड कोणताही घ्या, त्याने वेग वाढत नाही. वाचलेले पैसे प्रोसेसरमध्ये घाला. सल्लागार स्वतःला व्यवहारी म्हणवतात आणि पुरावा म्हणून चाचणीचे आकडे पुढे करतात: एक बोर्ड स्वस्त, एक महाग, वेग जवळपास सारखाच.

ही चाचणी कुठे झाली? थंड खोलीत, उघड्या टेबलावर, काही मिनिटांपुरती. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा बंद, धुळीने भरलेल्या कॅबिनेटमध्ये तोच बोर्ड तासन् तास काय करतो, हे त्या आकड्यांत येतच नाही.

एसएमपीएसकडून बोर्डाला १२ व्होल्ट मिळतात. प्रोसेसरला हवे असतात साधारण सव्वा व्होल्ट. हा दाब उतरवण्याचे काम सॉकेटशेजारचे मॉसफेट, चोक आणि कॅपॅसिटर करतात. या सगळ्याला मिळून व्हीआरएम म्हणतात. इंटेलचा आय७-१२७०० घ्या. त्याची मूळ मर्यादा ६५ वॉट, पण जोरात काम करताना हीच मर्यादा १८० वॉटांवर जाते. सव्वा व्होल्टला १८० वॉट म्हणजे १४४ अँपिअर! एवढा प्रवाह ज्या मॉसफेटमधून जायचा, त्यांच्यावर एच६१०च्या कित्येक स्वस्त बोर्डांत साधा हीटसिंकही नसतो. मॉसफेट तापतात, बोर्ड प्रोसेसरची वीज कापतो आणि जास्तीचे पैसे मोजून आणलेला आय७ रेंगाळू लागतो. चांगल्या बोर्डाने वेग वाढत नाही, हे मान्य; वाईट बोर्डाने तो घटतो, हे मात्र हे सल्लागार सांगत नाहीत.

शिवाय उष्णता आयुष्य खाते. इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरचे तापमान १० अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते. २००० नंतरच्या काही वर्षांत सदोष इलेक्ट्रोलाइटमुळे जगभरच्या बोर्डांवरचे कॅपॅसिटर फुगले, गळले, फुटले. मशीन मधेच रीस्टार्ट व्हायचे आणि असेच व्यवहारी लोक सांगायचे, विंडोज बिघडली असेल, फॉरमॅट मारा. लोकांनी फॉरमॅट मारले, रॅम बदलल्या. फुगलेल्या कॅपॅसिटरकडे कुणी पाहिले नाही. ‘५०० वॉट’ असे नुसते स्टिकर लावलेल्या निनावी एसएमपीएसची भलामण करणारेही हेच. तो वाद आम्ही तेव्हाच घातला होता. पुन्हा घालावा लागतो, याचा संताप येतो.

‘चिपसेट एकच असतो ना?’ असतो, त्याच्या भोवतीचे बाकी सगळे बोर्ड बनवणारी कंपनी ठरवते. ‘वॉरंटी आहेच की.’ वॉरंटीत बोर्ड बदलून मिळतो, डीटीपीवाल्याचा बुडालेला आठवडा मिळत नाही.

म्हणून सर्वांत महाग बोर्ड घ्या, असे माझे म्हणणे नाही. २०२३ मध्ये एएम५ सॉकेटच्या बोर्डांवर रायझन ७००० मालिकेतले काही प्रोसेसर जास्तीच्या एसओसी व्होल्टेजमुळे जळले, त्यांत महाग बोर्डही होते. ते व्होल्टेज १.३ वर बांधले ते नव्या बायोसने. बायोस सांभाळणारी कंपनी आणखीही काही देते: २०१७ च्या कित्येक एएम४ बोर्डांवर २०२२ मध्ये नव्या बायोसमुळे रायझन ५००० बसू लागले.

तेव्हा मधल्या पट्टीतला, बी७६० किंवा बी५५० चिपसेटचा बोर्ड पाहा. व्हीआरएमवर स्क्रूने घट्ट बसवलेला हीटसिंक हवा. कंपनीच्या यादीत आपला प्रोसेसर आहे का आणि तिच्या जुन्या बोर्डांना बायोस येत राहिले का, हे तपासा. सर्व्हिस सेंटर आपल्या शहरात आहे का, तेही विचारा. लॅमिंग्टन रोडवर घ्या नाहीतर गावातल्या दुकानात, बिलावर मॉडेलचे पूर्ण नाव रिव्हिजन क्रमांकासह लिहून घ्या, कारण त्याच नावाच्या पुढच्या रिव्हिजनमध्ये व्हीआरएम हलका केल्याची उदाहरणे आहेत.